पाणी फोडण्याची हमाली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज बोलायचे आहे ते पाण्यापासून हायड्रोजन काढण्याविषयी. विषय ऐकून कुणी रेडिओ बंद करू नये, कारण सुरुवात आपण दोन पेन्सिली आणि टॉर्चचा एक सेल एवढ्याच सामानावर करणार आहोत. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. ग्लासभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. मीठ मात्र घालू नका, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघू लागतो. पेन्सिलींची खालची टोके एकमेकींना लागू न देता पाण्यात बुडवा, वरची टोके तारेने दीड व्होल्टच्या सेलला जोडा आणि पाहत बसा. बहुधा काहीही होणार नाही. आता एकामागे एक असे दोन सेल जोडा, म्हणजे तीन व्होल्ट झाले. लगेच दोन्ही टोकांवर बारीक बुडबुडे दिसू लागतील. सेलच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीवर हायड्रोजन आणि धन टोकाला जोडलेल्या पेन्सिलीवर ऑक्सिजन. शाळेत आपण त्यांना ऋणाग्र आणि धनाग्र म्हणत होतो.

यात नवल असे की पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरतात, असे पुस्तक सांगते. मग दीड व्होल्टचा सेल का अडला? पुस्तक चुकले नाही आणि सेलही जुना नव्हता. वरचे व्होल्ट कुठे जातात, या एका प्रश्नावर जगातल्या शेकडो प्रयोगशाळा आज काम करीत आहेत. हायड्रोजन स्वस्त होणार की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरणार आहे.

विजेने पाणी फोडण्याची युक्ती नवी नाही. इटलीतल्या व्होल्टाने आपली बॅटरी जगाला कळवली ती १८०० साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी तशी बॅटरी रचून तिच्या तारा पाण्यात सोडल्या आणि पाण्यातून दोन वायू वेगळे केले. पुढे १८३३-३४ च्या सुमारास मायकेल फॅरेडेने किती विजेला किती वायू निघतो याचे नियम बसवले. त्या नियमांत सूट नाही. एक किलो हायड्रोजन हवा असेल तर ठरावीक वीजभार पाण्यातून जावाच लागतो. तो भार किती व्होल्टने ढकलायचा, एवढेच आपल्या हातात आहे. व्होल्ट जितके जास्त, तितके विजेचे बिल जास्त.

हे घरच्या वीजबिलाच्या भाषेत मांडू. १.२३ व्होल्ट ही किमान गरज झाली. पण पाणी फुटताना त्याला थोडी उष्णताही लागते. ती उष्णताही विजेनेच पुरवायची म्हटली तर आकडा १.४८ व्होल्टवर जातो. या हिशेबाने एक किलो हायड्रोजनला सुमारे ३९.४ युनिट वीज लागते. ही झाली मालाची किंमत. प्रत्यक्षात कारखान्यातल्या यंत्राला पन्नास ते पंचावन्न युनिट लागतात. मार्केट यार्डात शेतमाल नेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पट्टीवर भाव एक असतो, आणि हमाली, तोलाई, आडत कापून हातात पडते ते वेगळेच. पाणी फोडण्याच्या धंद्यातही अशी हमाली आहे, आणि तिचा मोठा वाटा इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर आकारला जातो.

ही हमाली थोडीथोडकी नाही. फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला, तर यंत्राचे व्होल्टेज एक दशांश व्होल्टने उतरले की किलोमागे सुमारे २.७ युनिट वाचतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले. विजेचा दर युनिटला चार रुपये धरा. ५० लाख टनांवर एक दशांश व्होल्टची बचत म्हणजे वर्षाला सुमारे ५,३०० कोटी रुपये होतात. चार वर्षांत ही बचत मिशनच्या सगळ्या तरतुदीच्या पुढे जाते. टॉर्चच्या सेलचा पंधरावा हिस्सा, पण त्याची किंमत ही अशी.

हा हायड्रोजन हवा कशाला, असे कुणी विचारील. गाड्यांचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते, पण आज हायड्रोजनचा मोठा ग्राहक खत कारखाना आणि तेलशुद्धीकरण कारखाना आहे. युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या थळच्या खत कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून तयार होतो. असा एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे शेतात पडणाऱ्या युरियाच्या प्रत्येक गोणीमागे हा धूर आहे आणि बराचसा आयात वायूही आहे. सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळाला तर दोन्ही टळतात.

आणि आपल्या देशाला हे काम अगदीच अपरिचित नाही. पंजाबात नांगल येथे साठच्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या खत कारखान्यात भाक्रा-नांगलच्या जलविजेने पाणी फोडून हायड्रोजन काढला जात असे. त्याला जोडून १९६२ साली देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्पही तिथे उभा राहिला. नॉर्वेतल्या र्युकान येथे धबधब्याच्या विजेवर त्याच्याही कितीतरी आधी, विसाच्या दशकाच्या अखेरीस, अशी मोठी यंत्रे चालू झाली होती. पुढे वीज इतर कामांना हवी झाली, तेल आणि वायू स्वस्त पडू लागले आणि पाणी फोडणे मागे पडले. तंत्र हरले नव्हते, हिशेब हरला होता. तोच हिशेब आज पुन्हा मांडला जात आहे.

आता इलेक्ट्रोडकडे वळू. पाण्यात बुडालेल्या धातूच्या पृष्ठभागावर काय घडते ते समजायला आपण जुन्या लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणू. पंगत चालायची तर पाहुणे पाटावर बसले पाहिजेत, जेवले पाहिजेत आणि वेळेवर उठलेही पाहिजेत. पाहुणे बसलेच नाहीत तर स्वयंपाक वाया जातो. बसलेले उठलेच नाहीत तर दुसरी पंगत बसत नाही. उत्प्रेरक म्हणजे असा पाट. रेणूचे तुकडे त्यावर चिकटले पाहिजेत, पण फार घट्ट चिकटता कामा नयेत. हे तत्त्व फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ पॉल साबाट्ये यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हायड्रोजनच्या बाजूला हे काम सोपे आहे. तिथे पाहुणा एकच, हायड्रोजनचा अणू. दोन अणू जवळ आले, जोडी जमली, बुडबुडा निघाला. प्लॅटिनम या कामात अव्वल. निकेल त्याच्याइतके चपळ नसले तरी स्वस्त आहे, आणि त्याचा पृष्ठभाग वाढवता येतो. मरे रेनी या अमेरिकी अभियंत्याने १९२० च्या दशकात एक युक्ती काढली होती. निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू करायचा आणि कॉस्टिक सोड्यात टाकून त्यातले ॲल्युमिनियम विरघळवून टाकायचे. मागे राहते ते स्पंजासारखे सच्छिद्र निकेल. रेनीने हे केले ते तेलात हायड्रोजन मुरवून घट्ट वनस्पती तूप बनवण्यासाठी. म्हणजे आपल्या आई-आजीच्या डब्यातल्या डालड्याच्या धंद्यातली ही युक्ती. तीच पुढे पाणी फोडण्याच्या इलेक्ट्रोडवरही कामाला आली.

खरी अडचण ऑक्सिजनच्या बाजूला आहे. तिथे एका ऑक्सिजन रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि ते एकेक करून निघतात. दरम्यान पृष्ठभागावर तीन वेगवेगळे पाहुणे बसून जातात. आधी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, मग एकटा ऑक्सिजन, मग दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असे त्रिकूट. प्रत्येकाला हवा तसा पाट मिळाला तर १.२३ व्होल्टच्या जवळपास काम व्हावे. पण डेन्मार्कमधील संशोधकांनी संगणकावर हिशेब करून २०११ साली एक गोष्ट दाखवून दिली. ऑक्साइडच्या पृष्ठभागांवर पहिल्या आणि तिसऱ्या पाहुण्याची चिकटण्याची ताकद एकमेकींशी बांधलेली असते. एकासाठी पाट बदलला की दुसऱ्यासाठीही तो तेवढाच बदलतो. यामुळे अशा चांगल्यातल्या चांगल्या पदार्थालाही तीन-चार दशांश व्होल्टची हमाली द्यावीच लागते. आपल्या पेन्सिलीतले ग्राफाइट तर या कामात अगदीच मठ्ठ. दीड व्होल्टचा सेल तिथे अडला तो यामुळेच.

मग या बाजूला उत्तम धातू कोणता? इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट आम्लाची. साठच्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पातळ प्लास्टिकसारखा पडदा वापरून पाणी फोडणारे यंत्र तयार केले. हायड्रोजनचे धनभारित कण या पडद्यातून पलीकडे जातात. यंत्र आटोपशीर असते, जास्त वीज झेलते आणि ढग आला, वारा पडला तरी विजेच्या चढउताराशी पटकन जुळवून घेते. सौर विजेला असेच यंत्र हवे. पण पडदा आम्लधर्मी, आणि ऑक्सिजनच्या बाजूला व्होल्टेज चढे. अशा ठिकाणी निकेल, कोबाल्ट, लोखंड विरघळून जातात. तग धरून काम करणारे जवळजवळ एकच नाव उरते, इरिडियम.

शाईच्या पेनाने लिहिलेल्या पिढीला हे नाव ओळखीचे असेल. निबच्या टोकाला एक कठीण, चकचकीत ठिपका असे आणि काही निबांवर ‘इरिडियम’ असे कोरलेले असे. पुढे त्या ठिपक्यात दुसरेच मिश्रधातू आले, नाव मात्र राहिले. हा धातू प्लॅटिनमच्या खनिजाबरोबर उपउत्पादन म्हणून निघतो, बहुतांश दक्षिण आफ्रिकेत. साऱ्या जगाचे वर्षाचे उत्पादन साताठ टन. सोने वर्षाला तीन हजार टनांहून अधिक निघते, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. शिवाय मागणी वाढली म्हणून खाणवाला इरिडियम जास्त काढू शकत नाही. प्लॅटिनम निघेल त्या प्रमाणातच ते निघणार.

आता आपल्या उद्दिष्टाशी याची सांगड घालू. वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनसाठी, यंत्रे वर्षातले निम्मे तास चालली असे धरले तर, सुमारे साठ हजार मेगावॉट क्षमता लागेल. प्रचलित प्रमाणाने किलोवॅटमागे अर्धा ग्रॅम इरिडियम धरले तर तीस टन होतात. म्हणजे सगळ्या जगाचे चार वर्षांचे इरिडियम एकट्या भारताला हवे! हे होणे नाही. म्हणून इरिडियमचा थर पातळ करण्याची धडपड सुरू आहे. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली मँगनीज ऑक्साइडवर इरिडियमचे सुटे सुटे अणू पसरून त्याची गरज ९५ टक्क्यांनी कमी करता येते, असे दाखवले. प्रयोगशाळेतले हे यश कारखान्यात वर्षानुवर्षे टिकले तर आम्लाची वाट मोकळी होईल.

दुसरी वाट अल्काची. नांगल आणि र्युकान याच वाटेवरची. कॉस्टिक पोटॅशचे पंचवीस-तीस टक्क्यांचे द्रावण, सत्तर-ऐंशी अंश तापमान आणि निकेलचे इलेक्ट्रोड. निकेल इथे विरघळत नाही. या वाटेवरच एक गोष्ट घडली, आणि ती सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

निकेलचा इलेक्ट्रोड कॉस्टिक पोटॅशमध्ये काही काळ ठेवला की ऑक्सिजन काढण्याचे त्याचे काम आपोआप सुधारते, असा कित्येक दशकांचा अनुभव होता. निकेल मुरते, त्याच्या अंगची रचना बदलते, असे स्पष्टीकरण दिले जाई. पुस्तकांत निकेलची गणना चांगल्या उत्प्रेरकांत होत असे. दुसरीकडे निकेलच्या बॅटऱ्या बनवणारे लोखंडाच्या नावाने बोटे मोडत असत. निकेलमध्ये लोखंडाचा अंश शिरला की बॅटरी भरताना ऑक्सिजनच जास्त निघे आणि वीज वाया जाई. एकाच्या तक्रारीत दुसऱ्याचे औषध दडलेले होते, पण दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

१९८७ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतील डेनिस कॉरिगन यांनी दाखवले की निकेल ऑक्साइडच्या पातळ थरात लोखंडाचा अत्यल्प अंश आला तरी ऑक्सिजन काढण्याचा वेग वाढतो. तरीही मूळ समज पुसला गेला नाही. मग २०१४ साली ओरेगॉन विद्यापीठात शॅनन बेचर यांच्या गटाने वेगळाच उद्योग केला. बाजारात शुद्ध म्हणून मिळणारे कॉस्टिक पोटॅशही त्यांनी पुन्हा गाळून घेतले. त्यात लोखंडाचा लवलेश असतो. तो काढायला त्यांनी निकेल हायड्रॉक्साइडचाच वापर केला, कारण ते लोखंड शोषून घेते. अशा निर्मळ द्रावणात निकेलचा इलेक्ट्रोड ठेवला, तेव्हा तो कितीही मुरवला तरी सुधारला नाही. उलट अगदीच मंद निघाला. म्हणजे इतकी वर्षे ज्याचे कौतुक निकेलच्या खात्यावर जमा होत होते, ते काम त्या चिमूटभर लोखंडाचे होते. ते कुणी मुद्दाम घातले नव्हते. पोटॅशमधून आणि भांड्याच्या पोलादातून ते आपले आपण येत होते.

नेमके लोखंडाच्या अणूवर काम होते की शेजारच्या निकेलवर, याचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण निकेल-लोखंडाची जोडी आज अल्कामधल्या उत्तम उत्प्रेरकांपैकी मानली जाते, आणि दोन्ही धातू इरिडियमच्या मानाने मुबलक आहेत. लोखंडाला तर तोटाच नाही.

आता तो पेन्सिलीचा प्रयोग आठवा. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंगजी डाय यांच्या गटाने तेच करून दाखवले, जे आपल्याला पेन्सिलींनी जमले नव्हते. साधा दीड व्होल्टचा एक सेल, एका बाजूला निकेल आणि निकेल ऑक्साइडचा इलेक्ट्रोड, दुसऱ्या बाजूला निकेल-लोखंडाचा. साध्या तापमानाला बुडबुडे निघाले. मौल्यवान धातू एकही नाही. मात्र हे इलेक्ट्रोड हळूहळू झिजतात आणि काही दिवसांपेक्षा जास्त टिकायचे नाहीत, हे त्या शास्त्रज्ञांनीच सांगून टाकले.

टिकणे, हीच पुढची कसोटी आहे. कारखान्यातले यंत्र साठ ते ऐंशी हजार तास चालावे अशी अपेक्षा असते, म्हणजे सात ते नऊ वर्षे अखंड. प्रयोगशाळेतल्या कित्येक चाचण्या दहा-वीस तासांत किंवा फार तर काही शे तासांत संपतात. शिवाय तिथे चौरस सेंटीमीटरला दहा मिलिअँपिअर इतक्या हलक्या प्रवाहावर मोजणी करण्याचा प्रघात आहे. कारखान्यात तोच प्रवाह चारशेपासून दोन हजारांपर्यंत असतो. घरच्या अंगणात सायकल चालवून कुणी घाटाची शर्यत जिंकल्याचे सांगू नये.

सौर विजेवर आणखी एक पेच आहे. संध्याकाळी वीज थांबली की यंत्रात दोन्ही बाजूंना वायू शिल्लक राहतात आणि ते क्षणभर बॅटरीसारखे वागून उलटा प्रवाह सोडते. हायड्रोजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड त्यामुळे गंजतो. रोज एकदा, वर्षातून साडेतीनशे वेळा. लोखंडाचीही एक खोड आहे. ते पृष्ठभागावरून द्रावणात उतरते आणि पुन्हा येऊन बसते. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०२० साली हे येणे-जाणे मोजून दाखवले. द्रावणात लोखंडाचा माफक अंश राखला तर इलेक्ट्रोड कामात राहतो. ज्या मळाला आधी नावे ठेवली, तो आता मोजून ठेवायचा, अशी ही गंमत आहे.

नुसता धातू चांगला असून भागत नाही, इलेक्ट्रोडची घडणही तशी लागते. पंगत उठली, पण उष्ट्या पत्रावळी कुणी उचलल्याच नाहीत, तर दुसरी पंगत बसणार कशी? बुडबुड्यांचे तसेच आहे. वायूचा बुडबुडा पृष्ठभागाला चिकटून बसला की तेवढी जागा बंद होते, द्रावणातली विजेची वाटही अडते आणि हमाली पुन्हा वाढते. म्हणून सपाट पत्र्याऐवजी निकेलची जाळी किंवा निकेलचा फेस वापरतात, आणि बुडबुडा मोठा होण्याआधीच सुटावा असा खडबडीतपणा पृष्ठभागाला देतात. दोन इलेक्ट्रोडमध्ये द्रावणाचे अंतर ठेवण्याऐवजी ते मधल्या पडद्याला अगदी चिकटवून बसवतात, कारण प्रत्येक मिलिमीटर अंतराला व्होल्ट मोजावे लागतात. पूर्वी हा पडदा ॲस्बेस्टॉसचा असे. आता झिर्कोनियाचे कण घातलेला पॉलिमरचा पडदा वापरतात. त्याचे काम अवघड आहे. वीज वाहून नेणारे कण जाऊ द्यायचे आणि वायू अडवायचे. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की स्फोटाचा धोका असतो.

ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठातून पुढे आलेल्या हायसाटा कंपनीच्या संशोधकांनी २०२२ साली बुडबुड्यांवर आणखी मूलगामी उपाय मांडला. इलेक्ट्रोड द्रावणात बुडवायचेच नाहीत. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे द्रावण मधल्या सच्छिद्र पडद्यातून वर चढू द्यायचे आणि वायू इलेक्ट्रोडच्या बाहेरच्या अंगाने थेट मोकळा होऊ द्यायचा. बुडबुडा तयारच होत नाही. अशा एका घटात किलोमागे ४०.४ युनिट इतकीच वीज लागल्याचे त्यांनी नोंदवले. मालाची किंमत ३९.४, म्हणजे हमाली जेमतेम एक युनिट! अर्थात हे प्रयोगशाळेतल्या एका घटाचे मोजमाप आहे. मोठ्या यंत्रात पंप, वायू सुकवणे, वीज बदलून घेणे यांचा खर्च वर पडतोच.

तिसरीही एक वाट आहे. पहिलीसारखा पातळ पडदा, पण अल्कधर्मी. म्हणजे यंत्र आटोपशीर आणि धातू मात्र निकेल-लोखंडाचे. तिथे घोडे अडले आहे ते पडद्याच्या आयुष्यावर. तो सुटला तर दोन्ही वाटांचे गुण एकत्र येतील.

श्रोतेहो, येत्या काळात ‘प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला’ अशा बातम्या तुम्ही वरचेवर वाचाल. त्यांतल्या काही खऱ्याही असतील. बातमी वाचताना तीन प्रश्न मनाशी विचारावेत. हे किती प्रवाहावर मोजले? किती तास चालवले? आणि त्यात जो धातू आहे तो जगात किती निघतो? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर ती बातमी जपून ठेवावी. नाही मिळाली तर अजून थोडे थांबावे. आपल्या करातले हजारो कोटी या कामात जाणार आहेत, त्यामुळे हे प्रश्न एकट्या शास्त्रज्ञांचे राहिलेले नाहीत.

नांगलच्या यंत्रांना विजेच्या हिशेबाने मागे सारले. आज सौर वीज साठच्या दशकात कुणाच्या मनात आली नसेल इतकी स्वस्त झाली आहे, म्हणजे हिशेबाची एक बाजू सुधारली. दुसरी बाजू इलेक्ट्रोडवर आहे, दशांश व्होल्टांत आणि चिमूटभर लोखंडात. घरी मुले असतील तर या सुट्टीत पेन्सिलींचा प्रयोग त्यांच्याकडून जरूर करून घ्या, खिडक्या उघड्या ठेवून आणि एखादे मोठे माणूस जवळ बसवून. एका सेलवर बुडबुडे का येत नाहीत, हे त्यांना आधी सांगू नका. त्यांनाच विचारू द्या.